हेडाऊताईंची पंगत

हेडाऊताई दुसऱ्याची स्क्रिप्ट तपासायच्या ती मोठ्याने वाचून. मनातल्या मनात नाही, पुटपुटत नाही. चांगल्या खणखणीत आवाजात, पार पाण्याच्या कूलरपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा. मी ऑफिसात नवी होते, पाचवा की सहावा दिवस असेल. ताईंनी माझी फाइल उघडली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि सुरू झाल्या. "मशीन जुनी असेल तर प्रोग्राम बंद करा. मशीन जुनी असेल तर जुन्या फाइली काढा. मशीन जुनी असेल तर नव्या फाइली टाका. मशीन जुनी असेल तर प्रिंटर जोडा." चौथ्या ओळीला शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला, आरतीला धरतात तसा. ताई थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "किती डाव विचारशीन वं तिले? जुनी आहे ती. सांगतलं ना बिचारीनं एकदा."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मी काही काल कॉलेजातून बाहेर पडलेली नव्हते. एकतीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, पाच वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागलेली, शहराबाहेरच्या बेसाहून रोज स्कूटरवर धूळ खात येणारी. आणि ही कोण बाई, माझं लिहिलेलं भर हॉलमध्ये गाऊन दाखवते? त्या दिवशी मी डबा एकटीनेच खाल्ला.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. नागपुरातले आणि आसपासचे दवाखाने, कॉलेजं, कचेऱ्या यांचे कॉम्प्युटर लावून द्यायचे आणि चालते ठेवायचे, हा आमच्या कंपनीचा धंदा. शंभर मशीन असल्या तर शंभर ठिकाणी जाऊन हाताने कोण लावणार? म्हणून काय काय करायचं त्याची यादी एका फाइलमध्ये लिहायची. ऑफिसात बसून ती चालवली, की सगळ्या मशीनवर एकेक पायरी आपोआप होत जाते. ती यादी म्हणजे स्क्रिप्ट. आता सगळ्या मशीन सारख्या नसतात, काही जुन्या असतात, काही नव्या. त्यामुळे पायरीखाली अट लिहावी लागते: मशीन जुनी असेल तरच हे कर. मी काय केलं होतं, तर चौदा पायऱ्यांखाली एकच अट चौदा वेळा चिकटवली होती. सगळेच तसं करायचे. एक ओळ उचलायची, खाली चिकटवायची, पुढे सरकायचं.

"चौदा जागी लिहिलं म्हणजे चौदा जागी चुकाची सोय केली," ताई म्हणाल्या. "उद्या कंडिशन बदलली तर तेरा जागी बदलशीन नि एक राहून जाईन. कोणती राहीन ते मी आजच सांगतो. जी सगळ्यात महागात पडते, तीच." ताई स्वतःबद्दल बोलताना कधी 'मी करतो' म्हणत, कधी 'मी करते', त्यांना त्याचं काही नव्हतं. 'मॅडम' मात्र चालायचं नाही. "मॅडम म्हणू नको वं, मले शाळा तपासाले आल्यासारखं वाटते. ताई म्हण."

नाव शकुंतला हेडाऊ. वय तेव्हा बावन्न-त्रेपन्न. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती साडी आणि पायात पुरुषी वाटतील अशा जाड चपला. वडील उमरेडला हातमागावर बसायचे. माग मोडीत निघाला तेव्हा एक भाऊ गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागला आणि ताई बी.ए. करून, टायपिंग शिकून, आमच्याच कंपनीत डेटा एंट्रीला आल्या. तिथून पुढचं सगळं त्या बघून बघून शिकल्या. कोणी इंजिनिअर कंटाळून फेकून दिलेली जाडजूड पुस्तकं त्यांनी घरी नेऊन वाचली. पाहुण्यांना त्यांची ओळख करून देताना आमचे साहेब हमखास म्हणायचे, "विणकराच्या घरातल्या आहेत, धागे जुळवणं रक्तातच आहे." ताईंना याचा मनस्वी राग. "काही रक्तात गिक्तात नाई," त्या नंतर आम्हाला म्हणायच्या. "मागावर धागा तुटला तर डोयाले दिसते. इथी तुटला तर दोन महिन्यानं फोन येते."

तर, चौदा अटींची ती फाइल मी दुरुस्त करून नेली. म्हणजे मला वाटलं, दुरुस्त केली. ताईंनी वाचली, या वेळी हळू आवाजात, आणि म्हणाल्या, "आई आहे का वं तुले?" मी म्हटलं, आहे, रामटेकला. "लाव फोन. नि हे वाचून दाखव तिले, मराठीत." मला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हत्या करत. मी फोन लावला. आई धानाच्या बांधावरून बोलत होती, वारा भरून राहिला होता फोनमध्ये. मी वाचायला लागले: मशीन जुनी असेल तर हे करा, मशीन जुनी असेल तर ते करा. तिसऱ्या ओळीला आई म्हणाली, "मंजू, मले ऐकू येऊन राहिलं वं. काहून तेच तेच सांगून राहिली?" ताई पोट धरून हसल्या. मीही हसले, काय करणार! राग तिथेच उतरला. आईला मात्र वाटलं की आपली लेक आपल्याला बहिरी समजते. दोन दिवस तिने फोन घेतला नाही.

यावरचा इलाज ताईंनी मला ऑफिसात नाही, लग्नात शिकवला. उमरेडला त्यांच्या भाचीचं लग्न होतं, आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण गेलो होतो. नवरदेवाकडची निम्मी मंडळी माळकरी, कांदा-लसूण न खाणारी. स्वयंपाक दोन्ही प्रकारचा होता, पण बसले होते सगळे सरमिसळ. वाढपी बिचारा प्रत्येक पानापाशी थांबून विचारत होता, "काका, कांदा-लसूण चालते का?" भाजीला विचारलं. कढीला विचारलं. वड्याला विचारलं. एक धोतरवाले काका चार वेळा "नाही चालत बाप्पा" म्हणाले आणि पाचव्यांदा भडकले. "लिहून लावू का कपायावर?" म्हणत पानावरून उठायलाच निघाले. वधूपक्षाचे चेहरे पडले. वराकडचा माणूस पानावरून उठणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

ताईंनी पदर खोचला. "बसा काका, बसा. माळवाले सारे भिंतीकडून या. बाकीचे खिडकीकडून. दोन पंगती. आता कोणाले काही विचाराचं नाई, नुसतं वाढाचं." पाच मिनिटांत जेवणाच्या हॉलमध्ये शांतता. वाढपी नुसते धावत होते. काकांनी बुंदी तीनदा मागून घेतली. जाता जाता ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पाहिलं? अशी स्क्रिप्ट लिहाची."

सोमवारी मी चौदाच्या चौदा पायऱ्या एका गटात घेतल्या आणि अट त्या गटाच्या डोक्यावर एकदाच लिहिली. ताईंनी वाचली. फाइल परत दिली आणि डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर ठेवला. त्यानंतर आमच्या टीममध्ये तो शब्दच रूढ झाला. कोणी एकच अट पुन्हा पुन्हा लिहिली की पलीकडून आवाज यायचा, "पंगत वेगळी मांड गा!"

आता गंमत बघा. मशीनला एकदाच विचारा म्हणणारी ही बाई, माणसांना मात्र एक गोष्ट दहादा सांगायची. दुपारी एक वाजता घरी फोन. "गॅस बंद केला का?" केला. "नळ?" केला. "नि गॅस?" त्यांचे मिस्टर रेल्वेत रात्रपाळीला होते, स्वभावाने देवमाणूस, ते पलीकडून तिन्ही वेळा उत्तर द्यायचे. मी एकदा विचारलं, "ताई, ही कोणती पंगत?" तर म्हणाल्या, "मशीन विसरत नाई, मिस्टर विसरते." वर हेही की, "नि मले त्याचा आवाज आयकाचा असते, तुले काय करा लागते?" मग मी कशाला विचारते पुन्हा!

ताईंचं एकच दुखणं होतं, आणि ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. सतरा वर्षं त्या कॉन्ट्रॅक्टवर होत्या. दर वर्षी मुदत वाढवल्याचं पत्र यायचं. टीम लीडची कायम जागा दोनदा निघाली आणि दोनदा इंजिनिअरची डिग्री नाही म्हणून त्यांना डावलून भरली गेली. त्यांनी ज्यांना शिकवलं तेच त्यांचे साहेब झाले. तिसऱ्यांदा जागा निघाली तेव्हा आमचे मोठे साहेब, भुसारी साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "हेडाऊ मॅडम, दवाखान्याचं काम नीट पार पाडा, पत्र तुमच्याच नावाचं काढतो." ताई "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी घरी फोन करताना त्यांनी गॅसचं विचारलं नाही, हे मी ऐकलं.

दवाखान्याचं काम म्हणजे शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या, औषधांच्या, तपासण्यांच्या खिडक्यांवरच्या सगळ्या मशीनवर नवा प्रोग्राम घालायचा. निम्म्या मशीनवर तो आधीच होता, निम्म्या जुन्या होत्या, म्हणजे त्यांच्यावर अजून जुनाच प्रोग्राम होता. रविवारी ओपीडी बंद, तेवढ्या एका दिवसात काम उरकायचं. स्क्रिप्ट मी लिहिली. जुन्या मशीनची पंगत वेगळी मांडली: जुना प्रोग्राम काढा, नवा टाका, खिडकीचा नंबर घाला, प्रिंटर जोडा, सुरू करा. गुरुवारी एका मशीनवर चालवून पाहिली, झकास चालली. ताईंनी नेहमीसारखी मोठ्याने वाचली, पसंत केली.

आणि शनिवारी मला अवदसा आठवली. मनात आलं, नवा प्रोग्राम नीट बसला की नाही ते मधेच एकदा तपासून घ्यावं. म्हणून मी मधे एक पायरी घातली: मशीनवर आता जुना प्रोग्राम आहे की नवा, ते पुन्हा बघा आणि लिहून ठेवा. नुसतं बघायचंच तर होतं! बघण्याने काय बिघडतं? पुन्हा चालवून पाहिली नाही. ताई बाहेर निघाल्या होत्या, खांद्याला पर्स, हातात छत्री. मी म्हटलं, "ताई, एक पायरी वाढवलीय, बघता का?" त्यांनी उभ्या उभ्या पडद्यावर नजर फिरवली. "चालते," म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी स्क्रिप्ट चालली. पडद्यावर लाल ओळ एकही नाही. लाल म्हणजे चूक. निळ्या ओळी होत्या, निळी म्हणजे 'ही पायरी इथे लागू नाही, सोडून दिली'. पण नव्या मशीनवर त्या यायच्याच होत्या, म्हणून निळ्यांकडे कोणी पाहिलं नाही. चार वाजता आम्ही एकमेकींना टाळी दिली आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी आठ वाजता फोन. खिडक्यांवर नवा प्रोग्राम उघडतोय, पण केसपेपर निघत नाही. निम्म्या खिडक्यांना आपला नंबर माहीत नाही, प्रिंटर जोडलेला नाही. मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा रांग दारातून बाहेर गेलेली, लहान लेकरं रडताहेत, म्हातारी माणसं जमिनीवर बसलेली. आणि केसपेपरच्या खिडकीत आमच्या ताई! कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन हाताने केसपेपर लिहीत होत्या. "नाव सांगा बाबूजी. वय? काय होऊन राहिलं? छातीत? मंग पहिले यांना जाऊ द्या गा, पाहून काय राहिले!" मला पाहून एवढंच म्हणाल्या, "मी हे सांभाळतो. तू पहिले चालू कर. काहून झालं ते मंग पाहू."

मी बसले आणि दहा मिनिटांत मला कळलं. सगळ्या जुन्या मशीन एकाच जागी थांबल्या होत्या: माझ्या शनिवारच्या पायरीनंतर. झालं होतं असं. आपण अट गटाच्या डोक्यावर एकदाच लिहितो, पण मशीन ती आत प्रत्येक पायरीला स्वतःशी विचारतेच, आपल्याला फक्त दिसत नाही. म्हणजे पंगत वेगळी बसवली तरी आमचा वाढपी मनातल्या मनात प्रत्येक पदार्थाला विचारतच होता: जुनी का? पहिल्या दोन पदार्थांना उत्तर आलं, जुनी. मग मी मधेच उत्तर नव्याने लिहून घेतलं, आणि तोवर नवा प्रोग्राम बसला होता, म्हणून उत्तर आलं, नवी. तिथून पुढे तिला काहीच वाढलं नाही. अर्ध्या जेवणावरून उठवली.

मी अट काढली, जुन्या मशीनची नावं हाताने घातली आणि राहिलेल्या पायऱ्या तेवढ्या चालवल्या. साडेदहाला शेवटचा प्रिंटर सुरू झाला. ताईंची बोटं शाईने निळी झाली होती. त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." का झालं ते मी सांगितलं नाही. माझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपणार होतं. पाच वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी. तोंड उघडेना. मला माझीच लाज वाटत होती, पण तोंड काही उघडेना.

मंगळवारी मीटिंग. भुसारी साहेब, दवाखान्याच्या प्रशासन अधिकारी बाई, आणि आम्ही सगळी टीम. साहेबांनी विचारलं, कोणाची चूक? ताई उठल्या. "माझी. तपासून मी पास केली होती." साहेब म्हणाले, "हे तुमच्या पंगतीबिंगतीचं फळ आहे. सगळं जग प्रत्येक पायरीला अट लिहितं. आजपासून हा प्रकार बंद. प्रत्येक पायरीखाली वेगळी अट, सक्तीने. आणि त्या पत्राचं आता आपण नंतर बघू." पत्राचं नाव निघालं आणि सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. सतरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होती.

मला वाटलं, ताई आता खाली बसतील. त्या बसल्या नाहीत. "साहेब, पत्र राहू द्या," म्हणाल्या. "मले नका देऊ. पण हा चुकीचा धडा नका लिहू. दर स्टेपले कंडिशन लिहिली असती तरी हेच झालं असतं. वाढप्या दर पदार्थाले विचारूनच राहिला होता. चूक विचारण्यात नाई झाली, मधात उत्तर बदललं म्हणून झाली. तुम्ही चौदा जागी लिहायले लावसान तर उद्या चौदा जागी चुकन. मी गेल्यावर हे पोरं हेच शिकतीन." असं साहेबांशी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"मधे उत्तर बदललं कोणी?" साहेबांनी विचारलं.

ताई फळ्याकडे पाहत होत्या. "पाहून राहिलो मी," म्हणाल्या. "सांगतो."

त्यांना माहीत होतं. आमच्याकडे कोणती ओळ कोणी, कधी लिहिली, याची नोंद राहते. बघायला अर्धं मिनिट लागतं. ताईंनी सोमवारीच बघितली असणार. आणि त्या माझ्याकडे पाहायचं टाळत होत्या, मला सापडू द्यायचं नाही म्हणून. मी त्या वेळी जे काही ठरवलं ते विचार करून ठरवलं असं मी म्हणणार नाही. पाय आपोआप उभे राहिले. "मी," मी म्हटलं. "शनिवारी मी घातली ती पायरी. चालवून न पाहता. ताईंचं म्हणणं बरोबर आहे, प्रत्येक पायरीला अट लिहिली असती तरी हेच झालं असतं. काल मला कळलं होतं. मी सांगितलं नाही."

दवाखान्याच्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी ताईंना विचारलं, "मग नियम काय करायचा?" ताई म्हणाल्या, "पंगत तशीच. पण सुरुवातीलेच एकदा विचाराचं, उत्तर वेगळ्या नावानं लिहून ठेवाचं, नि जेवण होऊपर्यंत त्या नावाले कोणी हात लावाचा नाई. पंगत त्या लिहिलेल्या उत्तरावर बसवाची." साहेब म्हणाले, "लिहून द्या तसं." एवढ्यावर मीटिंग संपली.

जिन्यात ताईंनी मला गाठलं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! "तुले कोणी बोलाले सांगतलं होतं वं? मी सांभाळून राहिली होती ना? लहान लेकरू आहे घरी, नोकरी गेली असती म्हणजे?" मी म्हटलं, "आणि तुमचं पत्र?" "पत्र माहं आहे, मी पाहीन त्याचं." मग जिन्यातच थांबून त्यांनी पदराने डोळे पुसले. चिडूनच पुसले. "चाल, लिहाले बस."

आम्ही बसलो. नवा नियम स्क्रिप्टमध्ये घातला. मग ताई म्हणाल्या, काय चुकलं तेही वर लिहून ठेव; मशीन ती ओळ वाचत नाही, पण पुढचा माणूस वाचेल. मी लिहिलं: "मधेच पुन्हा विचारू नये. मी विचारलं होतं. मंजूषा." ताईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि खाली आपली ओळ घातली: "ही पायरी मी वाचली नाही, नुसती पाहिली. शकुंतला."

माझं प्रोबेशन सहा महिने वाढवलं. वाढवायलाच हवं होतं, माझी तक्रार नाही. ताईंचं पत्र दिवाळीच्या आधी आलं, कायम जागेचं. त्यांनी ते चार वेळा वाचलं, मग मिस्टरांना फोन केला आणि बोलताच येईना म्हणून फोन माझ्या हातात दिला. मीच सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "तिले म्हणा, गॅस बंद आहे." हे ऐकून ताई हसता हसता रडायला लागल्या आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. आता टीम माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी हार घातले, भाषणं केली. ताई मात्र पाच वाजेपर्यंत कामच करत होत्या. आपलं नाव जिथे जिथे होतं तिथून काढत होत्या, जुन्या फाइली पुसत होत्या, मोलकरीण घर सोडताना भांडी घासून पालथी घालून जाते तशा. दवाखान्याच्या त्या स्क्रिप्टवरून आम्ही नंतर कितीतरी कामं केली होती, फाइल दर वेळी नवी व्हायची, पण वरच्या त्या दोन ओळी तशाच राहायच्या. ताईंना त्या दिसल्या.

"ह्या काहून ठेवल्या वं अजून? ते काम कधीचंच संपलं. बिनकामाच्या ओळी ठेवाच्या नाई, किती डाव सांगतलं. काढ."

सहा वर्षांत त्यांनी सांगितलेलं मी एकही काम टाळलं नव्हतं. "नाही काढणार," मी म्हटलं.

"काय?"

"नाही काढणार, ताई. नवीन माणूस आला की मी त्याला आधी ह्याच वाचायला देते. चुकलं तर बोलायचं, बोललं की इथे कोणी मारत नाही, हे त्याला माझ्या भाषणाने कळत नाही. ह्याने कळतं."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. ताईंनी खुर्ची पुढे ओढून पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, आधी माझ्या, मग स्वतःच्या.

"मंग माही ओळ वर घे," त्या म्हणाल्या. "मोठी मी होती."

मी त्यांची ओळ वर घेतली, माझी खाली केली, आणि त्यांच्यासमोरच रडले.